मालवणात चार दिवस: आधी तिथी बघा, मग पॅकेज

प्रश्न असा आला आहे: "जानेवारीत चार दिवस मालवण-तारकर्लीला येतोय. मी, नवरा, 13 वर्षांचा मुलगा, 9 वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. पोहायला फक्त मुलाला येतं. जिथे विचारावं तिथे स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्सचं एकच पॅकेज सांगतात, आणि ते अर्ध्या दिवसात संपतं म्हणे. बाकीचे दिवस मोकळ्या हवेत काय करता येईल? आणि पोहता न येणाऱ्यांना हे सुरक्षित आहे का?"

ताई, चार दिवस काढून येताय हे फार बरं केलंत. बरीच मंडळी शनिवारी सकाळी उतरतात, दुपारपर्यंत स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड उरकतात आणि रविवारी परतीला लागतात. त्यांना मालवण दिसतच नाही. तुमच्या घरातल्या पाचही जणांसाठी इथे भरपूर आहे, सासूबाईंसाठीसुद्धा. फक्त कुठल्या दिवशी काय करायचं हे पॅकेजवाल्यावर सोडू नका. ते समुद्र ठरवतो, आणि समुद्राचं वेळापत्रक तुमच्या घरच्या कालनिर्णयात मिळतं.

तुमच्या चार तारखांच्या तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास सुकती. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा आदल्या रात्री मोबाइलवर भरतीचा तक्ता बघून घ्या. पण सहलीची आखणी करायला एवढं गणित पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच मागे हटतं. सप्तमी ते दशमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. उधाणात पाण्याला ओढ असते, तळाचा गाळ ढवळला जातो, खाडीचं गढूळ पाणी किनाऱ्यालगत पसरतं. अशा दिवशी पाण्याखाली गेलात तर सगळं धूसर दिसेल आणि तुम्ही मालवणच्या पाण्याला नावं ठेवत परत जाल. भांगाला तेच पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. म्हणून मी येणाऱ्यांना नेहमी सांगतो, भांगात पाण्याखाली जा आणि उधाणात खडकांवर जा.

वाऱ्याचंही तसंच. जानेवारीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र निवांत असतो. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुटतो, लाटा उठतात, होडी आपटायला लागते. उलट्या होतात त्या बहुतेक दुपारच्या फेरीत. पाण्यातलं जे काही करायचं ते अकराच्या आत करा.

आता स्कूबा. इथे जे चालतं ते पोहता न येणाऱ्यांसाठीचं ओळखीचं डायव्हिंग आहे. चार-पाच मीटर, फार तर आठ-दहा मीटर खोल, आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमची टाकी धरून. गोबरे, तांबोशी, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, खडकाला धरून वाढलेली प्रवाळं दिसतात. त्यामुळे तुमच्या नवऱ्याला पोहता येत नाही ही अडचण नाही. अडचण असते ती कानांची आणि घाबरण्याची.

पाण्याच्या वर हवेचा जेवढा दाब असतो, दहा मीटरवर त्याच्या दुप्पट होतो. म्हणजे दाबातला सगळ्यात मोठा बदल अगदी वरच्या काही मीटरांतच होतो आणि कान तिथेच दुखतात. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून नाकातून हलकेच हवा ढकलायची, कानात टक् असा आवाज येतो. हे दुखायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी, प्रत्येक हातभर उतरल्यावर करायचं. घरीच पाच-सहा वेळा करून बघा. सर्दी असेल तर ही हवा जाणार नाही, मग त्या दिवशी पाण्याखाली जायचं नाही, पैसे भरलेले असले तरी. दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, ती बाहेर पडलीच पाहिजे. आणि खुणा नीट शिकून घ्या. आपल्याला आनंद झाला की आपण अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. माणूस खुशीत अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला वर घेऊन येतो, असं इथे रोज घडतं. 'छान चाललंय' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. कान दुखत असेल तर कानाकडे बोट दाखवायचं.

वयाचं म्हणाल तर बहुतेक प्रशिक्षण संस्थांत समुद्रातल्या डायव्हिंगला किमान 10 वर्षं लागतात. मुलगी 9 वर्षांची, तेव्हा तिला नाही. कुणी 'चालतंय हो' म्हणालं तरी नाही. तिच्यासाठी स्नॉर्कलिंग आहे, लाइफ जॅकेट घालून पाण्यावर तरंगत खाली बघायचं. मुलाला स्वतःला जावंसं वाटत असेल तर न्या, आग्रह करून नको. नवऱ्यालाही आदल्या दिवशी स्नॉर्कलिंग करायला लावा. मास्क घालून तोंडाने श्वास घ्यायची सवय झाली की निम्मी भीती तिथेच जाते. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे. तिथे सरावासाठी खास तलाव आहे. ज्याला घाईने नाही, नीट शिकायचंय त्याने तिथे चौकशी करावी.

कुणाकडे जावं हे नावानिशी सांगत नाही, पण किनाऱ्यावर चार गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे पाण्याखाली किती जण? (एकच हवा.) प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कुठलं? होडीवर ऑक्सिजनचा संच आहे का? होडीची माणसं वाहून नेण्याची क्षमता किती? चौथ्या प्रश्नाचं उत्तर होडीवर लिहिलेलं असतं. त्याहून जास्त माणसं भरत असतील तर उतरून या. मे 2022 मध्ये तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. मे अखेरीस वारा फिरलेला असतो, हंगाम संपत आलेला असतो आणि गर्दी मात्र सगळ्यात जास्त असते. तुम्ही जानेवारीत येताय, समुद्र शांत असतो, पण प्रश्न तरीही विचारा. लाइफ जॅकेट घातलं की मुलीच्या खांद्यावरचे पट्टे धरून वर ओढून बघा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा.

माशांना पाव टाकून फोटो काढणं बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. पाव हे त्यांचं खाणं नव्हे. जे मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात, ते पावाच्या मागे लागतात. प्रवाळावर उभं राहू नका, पायपंखा लागू देऊ नका. ते वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. 1987 पासून इथे 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाचा तुकडा घरी नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर सापडलेला का असेना.

डायव्हिंग पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उरका. डायव्हनंतर विमानात बसायला किमान 12 तास जाऊ द्यावे लागतात, एकाहून जास्त डायव्ह केले तर 18. चिपीच्या विमानतळावरून किंवा गोव्याहून उडणार असाल तर हे आधीच जुळवा. गाडीने येत असाल तरी परतीला आंबोलीसारखा घाट चढावाच लागतो. लगेच चढू नये, रात्रभर थांबावं.

पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड: सकाळी, वारा बेताचा असताना, जॅकेट घट्ट बांधून, मुलांना आवडेल. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

माझ्या मते मुलीसाठी सगळ्यात मोठी मजा खडकांवर आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही. मालवणच्या रॉक गार्डनपाशी किंवा चिवला बीचच्या कडेच्या खडकांवर सुकतीच्या तासभर आधी पोचा. उतरतं पाणी खळग्यांत साचून राहतं. एका खळग्याजवळ उकिडवं बसा आणि पाच मिनिटं अजिबात हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण त्यात शंखी खेकडा राहायला आलेला असतो. खडकाच्या फटीत समुद्रफुलाच्या मिशा उघडतात. सावली पडली की मिटतात. कालवांची रांग, दगडाला चिकटलेल्या टोपीसारख्या गोगलगाई, तळाशी वाळूच्या रंगाचा इवलासा मासा. नशीब असेल तर फटीतून एखादं लहान ऑक्टोपस डोळा बाहेर काढतं. मुलीला वही-पेन्सिल द्या. फोटोपेक्षा चित्र काढताना मूल जास्त बघतं.

तिथे दोन नियम पाळा. पायात रबरी तळव्याचे, मागे पट्टा असलेले सँडल हवेत, चप्पल नको. कालवांची धार ब्लेडइतकी असते आणि शेवाळावरून माणूस क्षणात घसरतो. आणि कशालाही हात लावायचा नाही. विशेषतः शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख उचलायचे नाहीत. आतला जीव डंख मारतो, काही जातींचा डंख घातक असतो. दगड उलटलाच तर होता तसा परत ठेवा. पाणी परत फिरलं की मागे वळायचं, 'अजून पाच मिनिटं' नाही.

पोहण्याचं. चिवला बीचचा किनारा वळणाचा आणि बराच सौम्य आहे. डिसेंबरात राज्यभरातले जलतरणपटू समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेला तिथेच येतात. तुम्ही मंडळी गुडघाभर पाण्यात, लाटांकडे तोंड करून उभी राहा. देवबागच्या संगमावर मात्र पाण्यात उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, ओहोटीला सगळी खाडी त्या तोंडातून बाहेर पडते, आणि पायाखालची वाळू दर वर्षी जागा बदलते. उघड्या किनाऱ्यावरही ओढीचे पट्टे असतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गुळगुळीत आणि थोडं गडद दिसतंय, तर ती बिनधोक जागा नव्हे. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जात असतं. मुलाला पोहता येतं म्हणून हे त्याला आवर्जून समजवा: ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं आणि मग परतायचं. तटरक्षक दलाचा 1554 आणि आणीबाणीचा 112 हे क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

एक सकाळ रापणीसाठी राखा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीसाठी. कुठल्या दिवशी कुठे ओढणार हे ठरलेलं नसतं, मासळीच्या चाहुलीवर असतं. म्हणून मुक्कामाच्या घरमालकांना आदल्या संध्याकाळी विचारा. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगांत माणसं दोर ओढायला लागतात. म्हातारे, पोरं, बायका, सगळा वाडा. हे काम तास-दोन तास चालतं. रापणकरांना विचारून तुम्ही शेवटी दोराला हात लावू शकता, नाही म्हणत नाहीत. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, दोराच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही, पुढच्या माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवून मागे जायचं. जाळं जवळ आलं की पाणी चमचमायला लागतं, तारल्या, पेडवे, कधी बांगडा. त्यात पाकट आलेलं असतं, त्याच्या शेपटीच्या काट्यापासून मुलांना लांब ठेवा. मग वाळूत वाटे पडतात, दोराला हात लावणाऱ्यालाही ओंजळभर मासळी मिळते. ती नाकारू नका, त्यांना वाईट वाटतं. अलीकडे रापणीला मासळी कमी लागते. मोठ्या यांत्रिक जाळ्यांशी पारंपरिक मच्छीमारांचा झगडा इथे वर्षानुवर्षं चालू आहे, 2016 मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले ते त्यातूनच. मुलगा 13 वर्षांचा आहे, दोर ओढून झाल्यावर त्याला रापणकरांशी बोलू द्या. शाळेत हे कुणी शिकवत नाही.

सासूबाईंसाठी खाडी. तारकर्ली-देवबागहून होडीवाले संगमाकडेच नेतात, डॉल्फिन, वाळूचं बेट, परत. तुम्ही होडीवाल्याला वेगळं सांगा, कर्लीतून वर न्यायचं, सावकाश, आणि एखाद्या शांत वळणावर इंजिन बंद करायचं. दोन्ही काठांना माड, कांदळवन, मधूनच बगळे, खंड्या, घारी. आणि वेळ भरतीची धरा. तेव्हा होडीची कड धक्क्याच्या पातळीला येते आणि गुडघे दुखणारं माणूस एका पावलात आत बसतं. सुकतीला त्याच धक्क्यावरून खाली उतरवताना दोघांनी धरावं लागतं. कांदळवनच जवळून बघायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून फेरी घडवतो. बायका वल्हवतात आणि कुठलं झाड खाऱ्या पाण्यात कसा श्वास घेतं ते सांगतात.

डॉल्फिन बघायला गेलातच तर सकाळी जा, आणि होडीवाल्याला पाठलाग करू नको म्हणून सांगा. इथले कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगतच असतात. थांबून राहिलं तर ते आपणहून वर येतात, मागे लागलं तर बुडी मारून लांब निघतात.

एक दुपार धामापूरला काढा, मालवणहून चौके मार्गे कुडाळच्या वाटेवर. 1530 सालचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. 2020 मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. ऊन तापलेलं असताना तिथे सावली मिळते, सासूबाईंना देवळात निवांत बसता येतं, मुलांना झाडांवर धनेश दिसू शकतो. तलावात पोहायचं नाही.

सिंधुदुर्ग किल्ला बहुतेक लोक तासाभरात उरकतात, कारण होडीवाला तेवढीच वेळ देतो. जाताना जास्त वेळ मागून घ्या. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. साधारण 48 एकरांचा हा किल्ला, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक. शक्यतो पहिल्या होडीने जा. दरवाजा तटाच्या वळणात असा लपवला आहे की होडीतून मुलांना म्हणा, शोधून दाखवा. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. मग जमेल तेवढं तटावरून चाला. पश्चिमेच्या तटावर वारा थेट समुद्राचा लागतो आणि लाटा पायाच्या दगडांवर फुटताना दिसतात. तटाला कठडा सगळीकडे नाही, मुलीचा हात सोडू नका. सासूबाईंना शिवराजेश्वर मंदिरापर्यंत सावकाश नेता येईल. होडीत चढउतार आहे, तेव्हा इथेही भरतीचीच वेळ बरी.

मुलगा सायकल चालवत असेल तर त्याला आणि बाबांना पहाटे मालवण ते देवबाग पाठवा. देवबागकडे जमिनीची पट्टी इतकी चिंचोळी होते की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली. साडेआठनंतर त्याच अरुंद रस्त्यावर गाड्या सुरू होतात, म्हणून सात वाजता निघून साडेआठला परत. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, कातळशिल्पं बघावीत, ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. स्थानिक वाटाड्या घ्या आणि सकाळी लवकर जा, सड्यावर सावली नाही. शिल्पांवर पाय देऊ नका, खडूने गिरवू नका.

कासवांची पिल्लं जानेवारीत बहुधा दिसणार नाहीत. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला किंवा इकडे तांबळडेगला पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. रात्री किनाऱ्यावर चालताना मादी दिसलीच तर टॉर्च बंद, फ्लॅश बंद, लांब थांबायचं.

आधी बुकिंग फक्त राहण्याचं करा. स्कूबाचं पॅकेज घरबसल्या पैसे भरून ठरवू नका. इथे येऊन पाणी बघा, चार प्रश्न विचारा आणि मग ठरवा. 31 डिसेंबरची गर्दी ओसरेपर्यंत, म्हणजे 5-6 तारखेपर्यंत थांबता आलं तर होड्याही रिकाम्या मिळतील आणि दरही उतरलेले असतील. तुमच्या तारखा नक्की झाल्या की कळवा, तिथ्या बघून कुठला दिवस खडकांचा आणि कुठला पाण्याखालचा ते मी लिहून देतो.